पांडवलेणीच्या भिंतीवरची फौज

इ.स. १२८ च्या जुलै महिन्यात रोमन सम्राट हेड्रियन उत्तर आफ्रिकेतल्या लांबेसिस इथल्या छावणीत गेला. तिथे तिसऱ्या ऑगस्टा लीजनची कवायत त्याने पाहिली आणि मग एकेका तुकडीला उद्देशून भाषण केले. कोणी खडकाळ, टणक जमिनीत सरळ खंदक खणला, कोणी भिंत किती झपाट्याने उभी केली, कोणाच्या घोडेस्वारांनी भाले कसे फेकले, सगळे नाव घेऊन. ते भाषण दगडावर कोरून छावणीच्या कवायतीच्या मैदानात लावले गेले आणि त्याचे तुकडे आजही वाचता येतात.

त्याच सुमारास, एखाद्या पिढीच्या फरकाने, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेणींतही, फौजेच्या हालचाली दगडावर कोरल्या जात होत्या. मात्र त्या कवायतीच्या मैदानात कोरलेल्या नव्हत्या. भिक्खूंना शेत दिले, टाके खोदून दिले, गाव दिले, अशा दानलेखांच्या ओळींत त्या शिरल्या आहेत. म्हणून पांडवलेणी पाहणारे बहुतेक लोक त्यांच्यापुढून सरळ निघून जातात. नाशिकचे हे लेख ग्रीक आणि रोमन सैन्याच्या माहितीशेजारी ठेवून वाचले, तर सातवाहन आणि क्षत्रप यांच्या फौजा कशा चालत असतील याचे बरेच स्पष्ट चित्र उभे राहते. या लेखात तेच करायचे आहे.

नाशिक कोणाला हवे होते

सोपारा आणि कल्याण ही कोकणातली बंदरे. तिथला माल थळ घाट चढून गोवर्धनला, म्हणजे आजच्या नाशिकच्या परिसरात यायचा आणि पुढे गोदावरीच्या काठाने पैठणकडे जायचा. ज्याच्या हाती नाशिक, त्याच्या हाती घाटमाथा आणि त्यावरची जकात. इ.स.च्या पहिल्या आणि दुसऱ्या शतकात या पट्ट्यासाठी दोन घराणी झुंजली : पैठणचे सातवाहन आणि शक वंशाचे क्षहरात क्षत्रप. क्षहरातांचा सर्वांत बलाढ्य राजा नहपान. त्याचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचा नवरा, नाशिकच्या भागाचा कारभार पाहत होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून हा प्रदेश परत मिळवला. या विजयाची तारीख कोणी इ.स. ७८ च्या आसपास धरतात, कोणी १२४-१२५ च्या. नाशिकच्या लेखात मात्र एवढेच आहे की गौतमीपुत्राच्या राज्याचे अठरावे वर्ष चालू होते.

ही झुंज समुद्रापर्यंत गेली होती. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासी मार्गदर्शिकेत, जी पहिल्या शतकाच्या मध्यातली मानली जाते, कल्याण बंदराबद्दल स्पष्ट नोंद आहे : पूर्वी तिथे व्यापार रीतसर चाले, पण आता तिथे ग्रीक जहाज चुकून गेले तर पहारा लावून क्षत्रपांच्या भरूच बंदराकडे नेले जाते. शत्रूच्या बंदराची जकात तोडायची आणि आपल्या बंदराची वाढवायची, ही नाकेबंदी होती. नाशिकच्या लढाईचे मूळ अशा हिशेबात आहे.

आठ माणसे, एक तंबू

त्या काळच्या रोमन फौजेचे सगळ्यांत लहान एकक म्हणजे आठ शिपाई. एका तंबूत झोपणारे, एका जात्यावर दळणारे, एकत्र रांधून खाणारे, सामानाला बहुधा एकच खेचर. अशा दहा तंबूंची, म्हणजे ऐंशी माणसांची एक सेंच्युरी आणि तिच्यावर सेंच्युरियन हा अधिकारी. सहा सेंच्युऱ्यांचा एक कोहोर्ट, दहा कोहोर्टांची एक लीजन. एका लीजनमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे. लीजनमधले शिपाई रोमचे नागरिक असत. त्यांच्या जोडीला नागरिक नसलेल्यांच्या सहायक तुकड्या असत आणि पंचवीस वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना नागरिकत्व मिळे, तेही कांस्याच्या पत्र्यावर लिहून.

शिकवणूक पहिल्या दिवसापासून कडक. व्हेजेशियस हा नंतरच्या काळातला लेखक जुन्या शिस्तीचे वर्णन करतो : नवशिक्याला खऱ्यापेक्षा दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि तशीच जड वेताची ढाल द्यायची, समोर जमिनीत खांब पुरायचा आणि त्या खांबालाच शत्रू समजून सकाळ-संध्याकाळ वार करायला लावायचे. घाव घालण्यापेक्षा भोसकण्यावर भर, कारण घाव घालताना हात उचलला की बगल उघडी पडते. पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळपास तीस किलोमीटर, पायी कूच करायची. पोहायचे. लाकडी घोड्यावर शस्त्रांसह उडी मारून बसायचे, डावीकडून आणि उजवीकडूनही.

प्रत्यक्ष लढाईत आधी भाला फेकायचा, मग आखूड तलवार उपसून भिडायचे. प्रजासत्ताकाच्या काळात फौज तीन ओळींत उभी राहत असे : पुढे तरुण, मध्ये मुरलेले, मागे ज्येष्ठ. पुढची ओळ थकली की मधल्या मोकळ्या जागांतून मागची पुढे येई. ओळींतल्या या मोकळ्या जागांनीच रोमला ग्रीक जग जिंकून दिले.

मला मात्र रोमन फौजेची खरी ताकद तिच्या कागदपत्रांत दिसते. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाच्या ठाण्यात लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली हजेरी सापडली आहे. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली, म्हणजे आपल्या या लढाईच्या आगेमागेचीच. तुंग्रियन कोहोर्टचे एकूण बळ ७५२. त्यांतले ४५६ ठिकठिकाणी कामगिरीवर. ठाण्यात हजर २९६. त्या हजरांपैकी १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. लढायला धड २६५. ज्या फौजेला आपल्या किती शिपायांचे डोळे आले आहेत हे ठाऊक असते, तिला हरवणे अवघड असते.

ग्रीक भाल्यांची भिंत आणि पुरुषभर धनुष्य

ग्रीकांची पद्धत वेगळी. नगरराज्यांच्या काळात ढाल-भालाधारी नागरिक खांद्याला खांदा लावून दाट फळी करीत. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून उचलून सामूहिक शिक्षणात जाई. अथेन्समध्ये अठराव्या वर्षी दोन वर्षांची लष्करी उमेदवारी असे. मॅसिडोनियाच्या फिलिपने भाला पाच-सहा मीटर लांब केला, तो दोन्ही हातांनी धरायला लावला, आणि पुढे सोळा बाय सोळा, म्हणजे २५६ माणसांचा चौकोन हे एकक ठरले. समोरून अशा फळीवर चालून जाणे जवळजवळ अशक्य. पण जमीन उंचसखल झाली की फळी फाटायची. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्नाच्या लढाईत नेमके तेच झाले. फटी पडल्या, रोमन शिपाई त्यांत घुसले, आणि लांब भाला जवळच्या झटापटीत निरुपयोगी ठरला.

ह्याच ग्रीकांनी भारतीय पायदळाचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियन हा ग्रीक लेखक लिहितो की भारतीय पायदळ शिपायाचे धनुष्य माणसाएवढे उंच असते. तो त्याचे टोक जमिनीवर टेकवतो, डाव्या पायाने दाब देतो आणि प्रत्यंचा मागे ओढून बाण सोडतो. बाण सुमारे तीन हात लांब, आणि त्याला ढाल किंवा चिलखत अडवू शकत नाही. हातात बैलाच्या न कमावलेल्या कातड्याची ढाल आणि कमरेला रुंद पात्याची तलवार. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या धनुर्धरांना ओल्या, निसरड्या जमिनीवर धनुष्य नीट टेकवता आले नाही, असेही कर्टियस हा रोमन लेखक सांगतो. पावसाळ्यातली लढाई म्हणजे काय, ते या एका तपशिलात कळते.

हे वर्णन पंजाबातले असले तरी धनुष्याचे महत्त्व दक्षिणेतही तितकेच होते. गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या मृत्यूनंतर तिसऱ्या लेण्यात जो लेख कोरवला त्यात त्याला एकमेव शूर आणि एकमेव धनुर्धर म्हटले आहे. पराक्रमासाठी राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या रांगेत त्याला बसवले आहे. तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या त्याच्या वाहनांचा, म्हणजे घोड्यांचा, उल्लेखही याच लेखातला.

आपल्याकडची मोजदाद

हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चतुरंग सेना आपल्याला लहानपणापासून माहीत असते. तिची आकडेमोड महाभारतात आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ म्हणजे एक पत्ती. तीन पत्तींचे सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म. गुल्मात ९ रथ, ९ हत्ती, २७ घोडे आणि ४५ पायदळ, एकूण ९० एकके. पुढे दर पायरीला तिप्पट होत अनीकिनीपर्यंत, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. अक्षौहिणीचा आकडा कवीचा आहे, पण गुल्म हा खऱ्या कारभारातला होता. आंध्रातल्या म्याकदोनीच्या सातवाहन लेखात पुळुमावी राजाच्या आठव्या वर्षी खंदनाग या महासेनापतीच्या अधिकाराखालचा प्रदेश आणि त्यात कुमारदत्त या गुल्मिकाकडे असलेले गाव यांचा उल्लेख आहे. वर महासेनापती, त्याच्याकडे प्रांत. खाली गुल्मिक, त्याच्याकडे गाव. रोमन सेंच्युरियन राज्याच्या खजिन्यातून पगार घेई. सातवाहनांचा अधिकारी जमीन आणि प्रदेश यांच्याशी बांधलेला होता. दोन्ही व्यवस्थांतला सगळ्यांत मोठा फरक हाच, आणि पुढे आपल्याकडे सरंजामाची जी लांब परंपरा झाली तिची मुळे इथे दिसतात.

महासेनापती नाशिकलाही भेटतो. विसाव्या लेण्याचे काम बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केले आणि ते बरीच वर्षे अर्धवट पडून राहिले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी ते पुरे केले वासू या बाईने, आणि ती स्वतःची ओळख महासेनापती भवगोप याची पत्नी अशी देते. अठराव्या लेण्याच्या चैत्यगृहात भट्टपालिका या दात्रीच्या लेखात तिचा नवरा भांडागारिक, म्हणजे कोठाराचा अधिकारी असल्याचे म्हटले आहे. फौज पोटावर चालते, त्यामुळे कोठार सांभाळणाऱ्याला मी सेनापतीइतकेच महत्त्व देईन.

उषवदाताची पावसाळी मोहीम

नाशिकच्या सगळ्या लेखांत मोहिमेचे थेट वर्णन एकच आहे आणि ते दहाव्या लेण्यात, उषवदाताच्या दानलेखात येते. आधी दानांची लांबलचक यादी : तीन लाख गाई, सोळा गावे, भरूच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा. मग एकाएकी लेख प्रथमपुरुषी होतो. स्वामींच्या आज्ञेवरून आपण पावसाळ्यात निघालो. मालयांनी, म्हणजे मालवांनी, उत्तमभद्रांना वेढा घातला होता. तो उठवायला गेलो. नुसत्या गर्जनेनेच मालव पळाले आणि उत्तमभद्रांच्या हाती कैद झाले. तिथून आपण पुष्करला गेलो, स्नान केले, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिले.

या चार ओळींत बरेच काही आहे. आज्ञा वरून आली, म्हणजे फौज हुकमाने हलणारी होती. मित्रपक्ष वेढ्यात सापडला म्हणून मदत धाडली, म्हणजे राजकीय करार पाळले जात होते. नाशिक ते पुष्कर हे अंतर सरळ रेषेतही सुमारे ७०० किलोमीटर. आणि हे सगळे पावसाळ्यात! आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का, हे कोणाही शेतकऱ्याला विचारा : नद्या उतरलेल्या असतात, पीक हाताशी असते, चिखल सुकलेला असतो. कौटिल्यही लांबच्या मोहिमेला मार्गशीर्ष सुचवतो. वेढ्यात अडकलेला मित्र मात्र मार्गशीर्षापर्यंत थांबू शकत नाही.

त्याच लेखातले आणखी एक दान मला या मोहिमेपासून वेगळे काढता येत नाही. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दहाणुका या नद्यांवर उषवदाताने नावा ठेवून फुकट उताराची सोय केली होती. ते पुण्यकर्म म्हणूनच नोंदले आहे. पण कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरच्या नद्यांवर कायम नावा असणे म्हणजे फौजेलाही रस्ता तयार असणे. रोमनांनी रस्ते आणि पूल बांधले तेव्हा त्यांवरून आधी सैनिक चालले, मग व्यापारी. इथे क्रम उलटा असेल, पण नाव तीच.

छावणीतून सुटलेला हुकूम

तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्राचा जो हुकूम कोरला आहे, तो माझ्या मते महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासातला सर्वांत मोलाचा कागद आहे, जरी तो दगडावर असला तरी. तो राजवाड्यातून सुटलेला नाही. तो सेनेच्या विजयी स्कंधावारातून, छावणीतून सुटला आहे. काही अभ्यासक तिथे वैजयंती हे नगर, म्हणजे कर्नाटकातले बनवासी वाचतात, तर काही 'विजयी सेना' एवढाच अर्थ घेतात. छावणीबद्दल मात्र दुमत नाही.

हुकूम गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आहे. पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत, जे आजवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना द्यावे. त्यात कोणी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. तोंडी आज्ञा शिवगुप्त या अमात्याने दिली. तारीख पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस.

आता ही प्रक्रिया सावकाश पाहा. लढाई संपली आहे किंवा संपत आली आहे. आभाळ भरून आले आहे. राजा तंबूत आहे, आणि त्याच्याबरोबर अमात्य, लेखनिक, दफ्तर सगळे चालते आहे. पराभूत सरदाराचे नेमके कोणते शेत कुठे आहे आणि ते किती निवर्तनांचे आहे, हे छावणीत बसून माहीत आहे. ज्या डोंगरावर उषवदाताने लेणे खोदले त्याच डोंगरावरच्या भिक्खूंना ते शेत नव्या राजाच्या नावाने मिळते, म्हणजे जुन्या मालकाचे नाव पुसले आणि संघही दुखावला नाही. आणि 'कोणी शिरू नये' ही सवलत तर फारच बोलकी आहे. राजाचे लोक गावात शिरले की धान्य, बैल, वेठ, मुक्काम सगळे गावाच्या माथी. ते नको म्हणून लिहून द्यावे लागत होते, यावरून एरवी काय चालत असेल ते समजते.

अशी छावणी कशी असावी हे कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या दहाव्या अधिकरणात दिले आहे : चार दरवाजे, सहा रस्ते, नऊ विभाग, भोवती खंदक आणि तट. आत भांडण, दारू, जमाव आणि जुगार यांना मनाई. ये-जा करायला मुद्रा हवी. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार रोमन छावणीचे जे वर्णन करतो त्यातही चौकोनी आखणी, चार दरवाजे, खंदक आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या खुणेच्या पाट्या आहेत. पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाला तिथे त्याचेच सोबती दांडक्यांनी मारीत. दोन्हीकडच्या अनुभवी लोकांना एकच गोष्ट कळली होती : फौज छावणीत असताना जास्त बिघडते.

जोगळटेंभीचा हंडा

१९०६ मध्ये नाशिकजवळ गोदाकाठच्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी, सगळी नहपानाच्या घडणीची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

नाणे हातात घेतले तर ते दोनेक ग्रॅमचे, नखाएवढे. एका बाजूला नहपानाचा मुखवटा, रोमन नाण्यांची छाप असलेला, भोवती ग्रीक अक्षरे. पण त्या ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत तोच मजकूर. गौतमीपुत्राच्या माणसांनी या नाण्यावर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनी चिन्ह ठोकले. मुखवट्याच्या गालावर, नाकावर, कुठेही. ठसा नीट बसला की नाही याची फारशी फिकीर नाही. नऊ हजारांवर नाणी एकेक करून घणाखाली घालायची होती.

एवढी घाई कशासाठी? माझा अंदाज असा की ही चांदी पगारासाठी फिरत होती. सातवाहनांची रोजची नाणी शिसे, तांबे आणि मिश्रधातूची. चांदी क्षत्रपांच्या मुलखात चालत होती. जिंकलेल्या मुलखात फौज ठेवायची, तर तिथे चालणारेच नाणे वाटायला हवे, फक्त त्यावर आपल्या राजाची खूण हवी. रोमन शिपायाला ऑगस्टसच्या काळापासून वर्षाला २२५ दिनार मिळत. डोमिशियनने ते ३०० केले, आणि प्रत्येक नाण्यावर सम्राटाचा चेहरा असे. कौटिल्याच्या वेतनश्रेणीत शिकलेल्या पायदळ शिपायाला ५०० 'पण' (त्या काळचे नाणे) आणि सेनापतीला ४८,००० पण आहेत. पगार कोणाच्या चेहऱ्याने मिळतो यावर शिपाई कोणाचा हे ठरते, हे तिन्ही ठिकाणी माहीत होते.

कवायत आणि तालीम

रोज सूर्योदयाला हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांनी नगराबाहेर सराव करावा, फक्त पर्वाचे दिवस सोडावे, आणि राजाने वारंवार जाऊन पाहावे, असे 'अर्थशास्त्र' सांगते. कूच करण्याचा वेग दिवसाला एक योजन कमी, दीड मध्यम, दोन उत्तम. युद्धभूमीच्या मागे शस्त्रक्रियेची हत्यारे, औषधे, तेल आणि पट्ट्या घेऊन वैद्य असावेत, हेही त्यातच.

राजपुत्राच्या तालमीत काय काय येई, हे क्षत्रपांच्याच एका लेखात आहे. इ.स. १५० चा जुनागढचा लेख रुद्रदामन महाक्षत्रपाचे कौशल्य सांगताना घोडा, हत्ती आणि रथ चालवणे, तलवार, ढाल आणि बाहुयुद्ध यांची नावे घेतो. कुस्ती अगदी शेवटी, पण आहे. याच रुद्रदामनने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा उघड युद्धात हरवले आणि जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असेही त्यात लिहिले आहे. लढाईखेरीज माणूस मारणार नाही असे त्याचे व्रत होते. बलश्रीचा लेखही गौतमीपुत्राबद्दल सांगतो की अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती. दोन्ही स्तुती दरबारी आहेत हे मान्य. तरी परस्परांशी लढणाऱ्या दोन घराण्यांनी एकाच गुणाची बढाई मारावी, यातून त्या काळी सेनापतीचे मोठेपण कशात मोजत ते कळते.

फौज दिसायची कशी, ते पाहायचे असेल तर सांचीच्या दक्षिण तोरणाकडे जावे. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे, आणि तिथेच बुद्धाच्या अस्थींसाठी झालेल्या लढाईचे शिल्प आहे : तटावरून मारा करणारे, खालून चढणारे, हत्ती, घोडे, रथ, धनुर्धर.

ओसाड कखडी

छावणीतल्या हुकमानंतर सहा वर्षांनी, राज्याच्या चोविसाव्या वर्षी, गौतमीपुत्राने दुसरा हुकूम काढला. या वेळी त्याच्यासोबत त्याची आईही आहे. हुकूम श्यामक या अमात्याला. कखडी गावातले जे शेत भिक्खूंना दिले होते ते कसले जात नाही, गावात वस्ती राहिलेली नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरचे शंभर निवर्तनांचे राजाच्या मालकीचे शेत द्यावे.

गाव का उठले, ते लेख सांगत नाही. पण दोन राजांच्या फौजा ज्या पट्ट्यातून गेल्या, त्यातलेच ते एक गाव. बलश्रीच्या लेखात क्षहरात वंश मुळासकट उपटल्याचा, शक, यवन आणि पल्हव यांच्या नाशाचा अभिमान आहे. त्याच लेण्यात कोरलेला हा छोटा हुकूम मला त्या अभिमानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. विजयाची किंमत त्यात क्षेत्रफळासह दिली आहे.

यवन, शत्रू आणि शेजारी

ज्या यवनांचा नाश केल्याचे तिसरे लेणे सांगते, त्याच डोंगरावर सतरावे लेणे एका यवनाचे आहे. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दत्तामित्री नगराचा. त्याने मुलगा धर्मरक्षित याच्यासह लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवली. वंश ग्रीक, नावे भारतीय, दान बौद्ध संघाला. तमिळ संगम साहित्यात राजाच्या तंबूवर यवन पहारा देताना दिसतात. नाशिकचा हा यवन शिपाई होता की व्यापारी, हे सांगण्याची लेखाला गरज वाटली नाही.

लेण्यांकडे जाणाऱ्यांसाठी

पांडवलेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. पायऱ्या चढून गेल्यावर तिसरे आणि दहावे लेणे सलग पाहा. दोन्हींची रचना सारखी आहे, कारण नंतरच्याने आधीच्याशी बरोबरी केली आहे. व्हरांड्यात मान वर करून भिंती पाहा. अक्षरे तिथेच आहेत, ओळीने. शाळांच्या सहली इथे येतात, मुले शिल्पांबरोबर फोटो काढून उतरतात. इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की निघण्यापूर्वी वर्गात या चार लेखांचा मराठी अर्थ वाचून दाखवावा : उषवदाताचा, गौतमीपुत्राचे दोन आणि बलश्रीचा. अर्धा तास पुरतो. आणि मुलांना एवढे जरूर सांगावे की अक्षरांवरून बोट फिरवायचे नाही. एकोणीसशे वर्षांत वारा-पावसाने जेवढे पुसले त्यापेक्षा जास्त हातांनी पुसले जाऊ नये.